पिवळी वाट कुणाची

हर्बोवच्या रानातली पिवळी वाट कुणालाही चालता येते, असं आमच्या गावात कुणीही सांगेल. सात किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीच, आणि शेवटाला शिकाऱ्यांचं जुनं लाकडी घर, तिथे गरम सूप मिळतं. मी लग्न होऊन या गावात आले त्याला सात वर्षं झाली. आमच्या मागच्या कुंपणापासून रानाची हद्द चारशे पावलांवर आहे. या सात वर्षांत मी त्या वाटेवर पहिल्या बाकापर्यंत गेले होते. तेही दोनदाच.

त्याचं काय आहे, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे. गोचिडीच्या पोटात काय काय राहतं ते इतरांना ऐकून माहीत असतं. मी ते काचपट्टीवर पाहिलंय. त्यात मी वाढले ओस्त्रावा शहरात, नवव्या मजल्यावर. तिथे घनदाट झाडी म्हणजे लिफ्टजवळच्या दोन कुंड्या. आणि माझी रोझारका पाच वर्षांची आहे. ही मुलगी सपाट फरशीवर, बसल्या जागी, गुडघा फोडून घेऊ शकते. मी स्वतः पाहिलंय.

पण ती वाट माझ्या सासऱ्यांची होती, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

सासऱ्यांची म्हणजे मालकीची नव्हे. आमच्याकडे रानातल्या वाटांवर झाडांच्या बुंध्यांवर तीन पट्टे असतात, पांढरा, मध्ये वाटेचा रंग, पुन्हा पांढरा. ते बघत बघत लोक चालतात. हे पट्टे हौशी भटक्यांच्या संघातली माणसं फुकट रंगवतात, आणि ज्याच्याकडे जी वाट, तो तिच्याबद्दल एखाद्या म्हशीच्या मालकासारखा बोलतो. माझे सासरे बोहुमीर, रोझारका त्यांना द्येदा, म्हणजे आजोबा, म्हणते म्हणून मीही द्येदाच म्हणते, एक्केचाळीस वर्षं हर्बोवची पिवळी वाट रंगवत होते.

या उन्हाळ्यात संघाकडे तीन तक्रारी आल्या. तिन्हींत एकच गोष्ट. पिवळ्या खुणा धरून निघालो शिकाऱ्यांच्या घराला, पोचलो पलीकडच्या खोऱ्यातल्या, लाकडं कापायच्या सॉमिलवर. एका गृहस्थांनी वर लिहिलं होतं की सॉमिलवाले स्वभावाने चांगले आहेत, पण सूप करत नाहीत.

जिल्ह्यातल्या सगळ्या वाटांच्या प्रमुख हानुसोव्हाबाई. त्यांचा फोन आला तेव्हा आम्ही स्वयंपाकघरातच होतो. द्येदांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असतो.

"बोहुश, शनिवारी येते मी. तुझी वाट चालून बघू."

"बघ की. माझ्या खुणा आंधळ्यालासुद्धा सापडतील."

"आंधळ्याला नकोत, वाट माहीत नसलेल्याला सापडायला हव्यात. तसा एक माणूस आण बरोबर. आणि आताच सांगते, गडबड निघाली तर तुझी वाट मी कप्लित्से गावच्या त्या दोघी बहिणींना देणार. तरण्या आहेत, उत्साही आहेत, विचारून विचारून डोकं खाल्लंय त्यांनी माझं."

द्येदांनी स्वयंपाकघरात नजर फिरवली. ती माझ्यावर आली, तिथे थांबली नाही, खाली उतरली. खाली रोझारका मांजराच्या शेपटीला पट्टी बांधत होती.

"आहे माझ्याकडे माणूस," द्येदा म्हणाले. "पाच वर्षांचा. वाचता येत नाही त्याला अजून."

"द्येदा!" मी म्हणाले.

"सपाट वाट आहे, मुली," ते फोनवर हात ठेवून म्हणाले आणि पुन्हा फोनमध्ये, "ठरलं."

रात्री मी रादिमला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो रेल्वेत आहे, शनिवारी त्याची पाळी होती. "जाऊ दे की," तो म्हणाला. "तूही जा. आई गेल्यापासून बाबांना त्या वाटेशिवाय आहे काय?"  ते खरंच होतं. सासूबाई, मिलेना, जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून द्येदा टीव्ही लावत नाहीत, पत्त्यांना जात नाहीत, पण पिवळ्या रंगाचा डबा मात्र हलवून बघतात, सुकला तर नाही ना म्हणून.

शनिवारी सकाळी मी पाठपिशवी भरली. ती उचलताना द्येदांनी विचारलं, "राहायला चाललोय का आपण?"  गोचीड काढायचे दोन चिमटे मी घेतले होते. एक हरवला तर?

हानुसोव्हाबाई गाडीतळावर थांबल्याच होत्या. साठीच्या, ठेंगण्या, गुडघ्यांना पट्टे, गळ्यात शिट्टी. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या, अजूनही माणसाकडे तो नकाशावर चुकीची नदी दाखवतोय अशाच नजरेने बघतात. त्यांनी रोझारकाशी हात मिळवला.

"तू पुढे चालायचंस. तीन पट्टे दिसले की ओरडायचं. आम्ही मागून येणार. तीस पावलं मागून. कुणीही बोट दाखवायचं नाही, कुणी बोलायचं नाही."

"पाच," मी म्हणाले.

"पाच काय?"

"पाच पावलं मागून."

"बाई, पाच पावलांवर तुमचा श्वास तिच्या मानेवर येईल. पंचवीस."

"दहा. तिने लाल टोपी घातली आहे, ती मला सतत दिसली पाहिजे."

"वीस, आणि टोपी दिसेल. हे मी बाजारात बटाट्यालाही करत नाही."

वीसवर ठरलं. द्येदा एकीकडे उभे राहून रंगाचा डबा पाठीवर बांधत होते. त्यांची मान ताठ होती. "मधल्या फाट्याची तर काळजीच सोडा," ते हवेत बघून म्हणाले. "तिथल्या मोठ्या फर झाडावर मी बाणासकट खूण केलीय. कोसावरून दिसते."

रोझारकाने पहिली खूण वाटेच्या सुरुवातीच्या फलकाशेजारीच पकडली. "पिवळं!" आणि सुटली.

मला मान्य करावं लागेल, रान सुंदर होतं. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, वर बीचच्या झाडांची पानं एका बाजूने तांबूस व्हायला लागलेली, खाली ऊन तुकड्यातुकड्यांनी सांडलेलं. हर्बोवचं रान जुनं आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथल्या कुणा सरदाराने फर्मान काढलं की या भागात कुऱ्हाड लावायची नाही, आणि ते सरदार गेले, राजे गेले, नंतरची सरकारं गेली, तरी कुणी कुऱ्हाड लावली नाही. झाड वठलं की उभ्याने वठतं, पडलं की पडल्या जागी राहतं. त्याच्यावर शेवाळ चढतं, शेवाळात नवीन रोपं उगवतात. पायाखाली सगळं मऊ. मऊ म्हणजे ओलं, आणि ओलं म्हणजे गोचिडी. 

"पिवळं! ... पिवळं! ... मम्मा, पिवळं!"

"बघ," द्येदा हानुसोव्हाबाईंना म्हणाले.

"बघतेय."

फळ्यांचा छोटा पूल लागला. रोझारका त्याच्या टोकाशी थांबली, इकडे तिकडे बघितलं, एक पाय डावीकडे टाकला. माझ्या तोंडून "अं" निघालं.

"बोलायचं नाही," हानुसोव्हाबाई म्हणाल्या.

"बोलले नाही. घसा साफ केला."

रोझारकाने पाय मागे घेतला, उजवीकडे गेली, आणि बऱ्याच अंतरावरून "पिवळं!" आलं. द्येदांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी मात्र मनातल्या मनात टिपलं: पुलाशी खूण नाही. तिथून पुढे मला तो नादच लागला. प्रत्येक वळणावर मला तिसरीच वाट दिसायची. हरणांनी पाडलेली पायवाट, पावसाच्या पाण्याची चर, दोन झाडांमधली मोकळी जागा, सगळीकडे मुलगी जाऊ शकते असं वाटायचं. बाकापाशी, जिथे वाट दगडांच्या ढिगाला वळसा घालते तिथे, आणि एका ओढ्याशी मी थबकलेच.

"तुम्ही पावलं मोजताय का?" हानुसोव्हाबाईंनी हळूच विचारलं.

"नाही."

"मग बोटं का दुमडताय?"

मी हात खिशात घातला.

आणि मग ती अळंबी आली. वाटेच्या कडेला, हातभर अंतरावर, तपकिरी टोपी, मध्ये फुगलेली जाड दांडी, किड्याचं एक भोक नाही. राखीव रानात अळंबी तोडायला बंदी आहे, पण बघायला बंदी नाही. द्येदा थांबले. हानुसोव्हाबाई थांबल्या. दोघांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते मी कित्येक अंत्यविधींतही पाहिलेलं नाही.

"चारशे ग्रॅम," द्येदा म्हणाले.

"साडेचारशे. आणि हात लावू नकोस."

"वाकतोय फक्त."

"तू वाकलास की हात लावतोस. एकोणनव्वद सालापासून ओळखते तुला."

मी पण पाहिलं. मीही याच अळंबीवेड्या देशातली आहे. अशी अळंबी दिसल्यावर मान वळतेच. दोन सेकंद असतील, फार तर चार. मान वर केली तेव्हा पुढे लाल टोपी नव्हती.

मी धावले. पाठपिशवी पाठीवर आदळत होती, आतला थर्मास खणखणत होता. वळण घेतलं, आणि समोर वाट दोन झाली. डावीकडे रुंद, जुन्या गाडीवाटेसारखी, आमंत्रण दिल्यासारखी. उजवीकडे अरुंद, एका आडव्या पडलेल्या प्रचंड झाडाच्या मागे नाहीशी होणारी. खूण कुठेही नाही. मुलगी कुठेही नाही.

मी कुठल्या बाजूला जाऊ? एका बाजूला गेले आणि ती दुसरीकडे असली तर प्रत्येक पावलागणिक मी तिच्यापासून दूर जाणार. मी तिथेच उभी राहिले. आयुष्यात इतकी मूर्खासारखी मी कधी उभी राहिले नव्हते.

"रोझारका!"

"काय?" अगदी जवळून आवाज आला. पण जमिनीतून आल्यासारखा.

"कुठे आहेस?"

"पिवळं सापडलंय! पण मम्मा, ते मातीत जायला सांगतंय! खणू का?"

ती पडलेल्या झाडाच्या पलीकडे उकिडवी बसली होती. ती बसली की बुंधा तिच्या डोक्यापेक्षा उंच, म्हणून टोपीही दिसली नव्हती. तिने शेवाळाचा एक पदर बोटाने बाजूला केला होता, आणि तिथे होते पांढरा, पिवळा, पांढरा, तीन पट्टे, आडव्याचे उभे झालेले. त्यांच्याशेजारी एक नेटका पिवळा बाण. झाड उभं असताना तो उजवीकडे दाखवत असेल. आता तो सरळ खाली, जमिनीत दाखवत होता.

मी तिला उचललं, कानामागे, मानेवर, काखेत सगळीकडे तपासलं. "गुदगुल्या होतात," ती म्हणाली. मग मी बुंध्यावर बसले.

मागून द्येदा आणि हानुसोव्हाबाई आल्या. द्येदांनी बाण पाहिला. हानुसोव्हाबाईंनीही पाहिला. 

"ही ती फर?" हानुसोव्हाबाईंनी विचारलं.

"फेब्रुवारीच्या वादळात पडली," द्येदा म्हणाले.

"म्हणजे पडली हे तुला माहीत होतं."

"माहीत म्हणजे काय! मे महिन्यात यावरच बसून मी पाव खाल्ला."

"आणि खूण?"

द्येदांनी बाणावरची माती हाताने पुसली.

"फेब्रुवारीनंतर किती वेळा आलास इथे?"

"पाच. नाही, सहा."

"सहाही वेळा कुठे वळलास?"

"हे काय विचारणं झालं? उजवीकडे."

"कसं कळलं उजवीकडे वळायचं ते?"

द्येदांनी डोक्यावरची टोपी काढली आणि आत बघितलं, जणू उत्तर तिथे ठेवलं होतं. मग ते माझ्या शेजारी बुंध्यावर बसले. एकदम त्यांचं वय दिसायला लागलं.

"इथे मिलेना थांबायची," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी. आम्ही दोघं मिळून रंगवायचो, पांढरा तिचा, पिवळा माझा. तिला दिशेचं अंगच नव्हतं. आपल्या घरात तळघरातून वर येताना चुकायची ती. इथे आली की थांबायची, 'बोहुश, आता कुठे?' मी चिडायचो. अगं बाई, वीस वर्षं येतेयस तू इथे! आणि मग तिचं तोंड बंद करायला मी खूण काढायचो." ते थोडे थांबले. "या वाटेवर जेवढ्या खुणा आहेत ना, हेडविग, सगळ्या तिने विचारलं म्हणून आहेत. मला कुठली लागतेय?"

हेडविग म्हणजे हानुसोव्हाबाई. त्या आपल्या हातातल्या वहीत बघत राहिल्या. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि त्यांचा विचार बदलला नव्हता हेही दिसत होतं.

"लोक चुकतायत, बोहुश. उद्या थंडीत कुणी चुकेल. मी हे असं सोडू शकत नाही."

"बहिणींना दे," द्येदा म्हणाले. पाठीवरचा डबा त्यांनी सोडवला आणि बुंध्यावर ठेवला. "चांगल्या असतील पोरी."

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या सुनेने तेच केलं असतं. पण माझी भीती अजून उतरली नव्हती, आणि तसं असलं की माझी जीभ ताब्यात राहत नाही.

"फक्त इथेच नाही," मी म्हणाले. "पुलाशीही खूण नाही. बाकापाशी आहे, पण येणाऱ्याला दिसत नाही, झुडपाआड गेलीय. दगडांच्या ढिगाशी नाही. ओढ्याशी आहे, पण ओलांडायच्या आधी हवी, ती ओलांडल्यावर आहे."

द्येदांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांच्या ताटातला घास काढून घेतला असता तरी बरं.

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"आज रोझारका या डाव्या वाटेने गेली असती तर?" मी म्हणाले. माझा आवाज मला नको होता तेवढा वर गेला. "मी इथे उभी होते, द्येदा. मला कळत नव्हतं कुठे धावू."

द्येदा डाव्या वाटेकडे बघत राहिले. रोझारका मात्र म्हणाली, "मी डावीकडे नसतेच गेले. तिकडे चिखल आहे."

हानुसोव्हाबाईंनी वही उलटली, कोरं पान काढलं.

"बोटं त्यासाठी दुमडत होतात तर," त्या मला म्हणाल्या. "ही वाट पूर्वी चालला नाहीत तुम्ही?"

"बाकापर्यंत."

"उरलेली कुठे जाते ठाऊक नाही?"

"नाही."

"मग आता तुम्ही पुढे. मुलगी बोहुशजवळ, मागे. जिथे शंका येईल तिथे थांबायचं आणि हात वर करायचा."

"मुलगी मागे? मला ती दिसणार नाही."

"नाही दिसणार. तीस पावलं."

"वीस," मी म्हणाले, पण सवयीने.

मी पुढे निघाले. पाठीला डोळे असते तर बरं झालं असतं. पहिली दहा मिनिटं मी फक्त मागचं ऐकत होते. द्येदा रोझारकाला काहीतरी सांगत होते, ती "का?" म्हणत होती, ते सांगत होते, ती पुन्हा "का?" म्हणत होती. जोवर "का?" ऐकू येत होतं तोवर ठीक होतं. मग हळूहळू मला पुढचंही दिसायला लागलं.

मी हात वर केला.

"इथे काय?" हानुसोव्हाबाई मागून ओरडल्या.

"समोर दोन झाडांमध्ये मोकळं आहे. तिकडे जावंसं वाटतं."

पुन्हा हात.

"आता?"

"शेवटची खूण कधी पाहिली ते आठवत नाही. वाट बरोबर असेल, पण वाटत नाही."

"आणि इथे?"

"इथे... काही नाही. काळोख आहे जरा."

"काळोखाला रंग लावत नाही आपण. पुढे चला."

शिकाऱ्यांच्या घराशी पोचलो तेव्हा मी अकरा वेळा हात वर केला होता. बाहेरच्या बाकांवर ऊन होतं. लसणाचं सूप आलं, वर तळलेल्या पावाचे तुकडे. रोझारकाने आपले खाल्ले, मग द्येदांचे.  त्यांनी चमचा वाटीत फिरवला, काठाला टेकवून ठेवला, पुन्हा उचलला. सूप जसंच्या तसं.

हानुसोव्हाबाई वहीत काट मारत होत्या. "अकरापैकी चार ठिकाणी तुम्ही उगाच घाबरलात," त्या मला म्हणाल्या. "सात खऱ्या. सातपैकी तीन मलाही सुचल्या नसत्या. आणि त्यातल्या दोन ठिकाणांहूनही सॉमिलकडे उतरता येतं, आता नकाशा लावला की कळतंय." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "वाट मी बहिणींना देत नाही."

द्येदांचा चमचा थांबला.

"तुझ्याकडेही ठेवत नाही, बोहुश. वाट यांच्या नावावर लिहिते. तू मदतनीस."

"मदतनीस!" द्येदा म्हणाले. "एक्केचाळीस वर्षं!"

"म्हणूनच. तुला ती पाठ आहे. पाठ असलेल्या माणसाचा इथे उपयोग रंग वाहायला."

"अहो, पण मला जमणार नाही," मी घाईघाईने म्हणाले. "मला ब्रश धरता येत नाही. मला गोचिडींची भीती वाटते. मला, खरं सांगायचं तर, रानाचीच भीती वाटते."

"ब्रश हा धरेल. पायमोजे विजारीवरून ओढून घ्या. आणि भीतीबद्दल मी तक्रार केलेली नाही."

मी द्येदांकडे पाहिलं. ते नको म्हणाले असते तर मी सुटले असते. त्यांच्या वाट्यालाही काही उरलं नसतं, ते मला कळत होतं. म्हणून मी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. त्यांनी सूपाची वाटी जवळ ओढली. एक चमचा घेतला. मग दुसरा.

"पांढरा तुझा," ते वाटीत बघून म्हणाले. "सरळ ओढायचा. ओघळ आला तर पुसायचा, वरून रंग मारून लपवायचा नाही. मिलेना लपवायची."

"बरं," मी म्हणाले.

"आणि शनिवारी सकाळी सात म्हणजे सात. पिशवी निम्मी कमी."

"एक चिमटा तरी घेणार मी."

"एक घे."

गाड्या सुरुवातीला होत्या, म्हणून त्याच वाटेने परतलो. फाट्याशी आलो तसे द्येदा थांबले.

"मघाशी तू कुठे उभी होतीस?"

"इथेच कुठेतरी."

"कुठेतरी नको. नीट उभी राहा. पाय कुठे होते?"

मी उभी राहिले. रोझारका हानुसोव्हाबाईंच्या शिट्टीला लटकली होती. ते आधी बघून घेतलं, मग पाय जुळवले. द्येदा माझ्या मागे आले, वाकून माझ्या खांद्यावरून समोर बघितलं, माझ्या उंचीने. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग चार पावलं पुढे जाऊन त्यांनी टाचेने मातीत रेघ ओढली. इथे झाडाला नवा रंग लावायचा तर परवानगी लागते, खांब पुरता येतो.

"खांब इथे," ते म्हणाले. "बरोबर?"

मी बघितलं. "थोडा डावीकडे. तिथे फांदी आड येते."

त्यांनी पहिली रेघ पुसली, दुसरी ओढली.

तेवढ्यात डाव्या वाटेकडून आवाज आले. एक जोडपं येत होतं, साठीच्या आसपासचं, दोघांच्या डोक्यावर एकसारख्या निळ्या टोप्या, चेहरे घामाने लालबुंद. पुढचा माणूस काठी आपटतच आला.

"आहोय! म्हणजे, रानात कुणी भेटलं की आहोय म्हणतात, पण म्हणावं की नाही तेच कळत नाही. दोन तास झाले, बुटात भुसा गेलाय! ही पिवळी वाट कुठल्या गाढवाने रंगवलीय, तुम्हाला माहीत आहे का?"

द्येदांनी हळूहळू टोपी काढली. मला वाटलं, आता झालं. एक्केचाळीस वर्षांत त्यांना असं तोंडावर कुणी म्हटलं नसेल. त्यांनी टोपी माझ्याकडे केली.

"या बाईंकडे आहे वाट," ते म्हणाले. "दीड तासापासून. मी नुसता मदतनीस."

हानुसोव्हाबाई एकाएकी एका बीचच्या सालीचं निरीक्षण करायला लागल्या. माझे कान तापले.

"माफ करा," मी म्हणाले. "नक्की कुठे चुकलात?"

"इथेच!" बाई म्हणाली. "मी यांना म्हटलंही होतं."

"तू काही म्हटलं नव्हतंस."

"म्हटलं होतं! तिकडे फळ्यांच्या पुलाशी म्हटलं होतं, की मला इथे काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय."

"पुलाच्या अलीकडे की पलीकडे?" मी विचारलं, आणि न बघता द्येदांपुढे हात केला. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.